बिनपगारी गार्डकीविषयी थोडेसे

मराठी समीक्षेत ‘स्मरणरंजन’ हा शब्द बहुधा आरोप म्हणूनच येतो. लेखक गतकाळात रमला, त्या काळातला जाच आणि सक्ती त्याने वगळली आणि सुगंध तेवढा उचलला, असे म्हणायचे असले की हा शब्द हाताशी असतो. वर्गात शिकवताना आम्हीही तो पुष्कळदा वापरला आहे. बर्मिंगहॅमला स्थायिक झाल्यापासून दर उन्हाळ्यात काही दिवस आम्ही वेल्समधल्या एका जुन्या वाफेच्या रेल्वेवर स्वयंसेवक गार्ड म्हणून काम करतो. हे कळल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग हे स्मरणरंजन नव्हे का?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येईना, म्हणून हे लेखन.

ही टॅलिलिन रेल्वे. ब्रिन एग्लुइस येथील खाणीतली स्लेट टाउविन या किनाऱ्यावरच्या गावी आणण्यासाठी १८६५ च्या सुमारास ती बांधली गेली. रुळांमधले अंतर अवघे २ फूट ३ इंच, आजची लांबी सव्वासात मैलांच्या आसपास. १९११ मध्ये खाण आणि रेल्वे दोन्ही हेन्री हेडन जोन्स यांच्याकडे आली. १९४६ च्या अखेरीस खाणीत मोठी पडझड होऊन काम थांबले. तरीही जोन्स यांनी अखेरपर्यंत उन्हाळ्यातली गाडी चालू ठेवली. १९४८ मध्ये ब्रिटनमधल्या रेल्वे सरकारच्या मालकीच्या झाल्या, त्यांत हिचा समावेश नव्हता. १९५० मध्ये जोन्स वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात लेखक एल. टी. सी. रोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅममध्ये सभा घेतली, आणि १४ मे १९५१ रोजी नव्या संस्थेची पहिली गाडी सुटली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे.

साहित्याच्या वाचकाला या रुळांवर ओळखीची माणसे भेटतात. रोल्ट यांनी त्या पहिल्या दिवसांची हकीकत ‘रेल्वे अ‍ॅडव्हेंचर’ (१९५३) या पुस्तकात लिहिली. थॉमस इंजिनाच्या बालकथांचे लेखक रेव्हरंड ऑड्री १९५२ मध्ये येथे स्वयंसेवक गार्ड होते. त्यांचे ‘फोर लिटल एंजिन्स’ (१९५५) हे पुस्तक याच रेल्वेवरून सुचले.

गार्डाचे काम वर्णनाला सोपे आहे. दरवाजे लागले की नाही पाहायचे, तिकिटे पाहायची, हातब्रेक मोकळा करायचा, शिट्टी फुंकून हिरवा बावटा दाखवायचा आणि शेवटच्या डब्यामागे दिवा आहे याची खात्री करायची. या रेल्वेचे एक वैशिष्ट्य असे की डब्यांचे दरवाजे एकाच बाजूला उघडतात. १८६६ मध्ये सरकारी निरीक्षकाने पाहणी केली, तेव्हा पुलांखाली डबा आणि भिंत यांच्यामध्ये पुरेशी जागा नसल्याचे आढळले. म्हणून एका बाजूचे दरवाजे बंद करून टाकले आणि पुलांखालचे रूळ त्या बाजूला सरकवले. दीडशे वर्षांपूर्वीची ती तडजोड आजही प्रवाशांना समजावून सांगावी लागते. वारसा म्हणजे काय, हे त्या न उघडणाऱ्या दरवाज्यांकडे पाहून आम्हाला प्रथम उमगले: कोणाची तरी अडचण, आणि तिच्यावर काढलेली वाट.

येथे वडिलांचा उल्लेख करणे भाग आहे. आमचे अण्णा भुसावळला मालगाडीचे गार्ड होते. रात्री दोन वाजता कॉलबॉय दाराची कडी वाजवी. अण्णा उठून वहीत सही करीत आणि आई स्टोव्ह पेटवून डबा भरी. त्यांच्या पेटीत लाल-हिरवे बावटे, हातदिवा, रुळांवर लावायचे फटाके आणि प्रथमोपचाराचे सामान असे. आम्हा मुलांना त्या पेटीला हात लावण्याची मुभा नव्हती. ते म्हणत, “इंजिन गाडी ओढतं; पण गाडी पुरी आली की नाही, हे शेवटचा डबा सांगतो.” वाटेतल्या स्टेशनमास्तरला शेवटच्या डब्यामागची खूण दिसली नाही, तर गाडीचा काही भाग मागे रुळावर सुटला असावा असे धरून पुढची हालचाल थांबवावी लागते. एका लहानशा दिव्यावर एवढे सारे अवलंबून असते.

आम्ही गार्डाची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे अण्णांना दूरध्वनीवर कळवले, तेव्हा त्यांनी विचारले, “पगार किती?”

“पगार नाही अण्णा, उलट संस्थेची वर्गणी आम्हीच भरतो.”

“रात्रपाळी?”

“रात्री गाड्या नसतात.”

“मग ती गार्डकी कसली!” असे म्हणून ते हसले, आणि लगेच गंभीर होऊन म्हणाले, “पण दिवा रोज स्वतः बघत जा. दुसऱ्याने बघितला म्हणाला तरी.”

आमच्या मते विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या संभाषणात आहे. अण्णांना आमच्या कामात नसलेली सक्ती ताबडतोब दिसली. आणि तरी दिव्याच्या बाबतीत त्यांनी आम्हाला सवलत दिली नाही. हौशी गार्डाच्या मागे लावलेला दिवा आणि पगारी गार्डाच्या मागे लावलेला दिवा यांत रुळाला काही फरक कळत नाही.

नियमपुस्तक वाचताना ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. त्यातली भाषा कोरडी, कर्मणी प्रयोगाने भरलेली. पण तिच्यामागे माणसे मेलेली आहेत. १८६५ च्या जून महिन्यात स्टेपलहर्स्ट येथे रूळ काढून दुरुस्ती चालू असताना गाडी आली. बावटेवाला हजार यार्डांवर असायला हवा होता, तो साडेपाचशेच्या आसपास उभा होता. त्या अपघातात दहा माणसे दगावली. वाचलेल्यांत चार्ल्स डिकन्स होते. पुढच्याच वर्षाअखेरीस त्यांची ‘द सिग्नलमन’ ही कथा प्रसिद्ध झाली. ती कथा आम्ही पूर्वी भयकथा म्हणून शिकवली. बावटा हातात घेतल्यावर मात्र ती धोका दिसत असूनही काय करावे हे न कळणाऱ्या कर्मचाऱ्याची कथा वाटू लागली. १८८९ मध्ये आयर्लंडातील आर्मा येथे चढणीवर गाडी तोडून दोन भाग केले. मागच्या भागाला गार्डच्या डब्यातला हातब्रेक पेलू शकला नाही, डबे मागे घसरले आणि सुमारे ८० जणांचा बळी गेला. त्यानंतर त्याच वर्षी सर्व डब्यांना लागू होणारा ब्रेक प्रवासी गाड्यांसाठी कायद्याने सक्तीचा झाला. हे ठाऊक असलेला माणूस हातब्रेकचे चाक फिरवताना रमू शकत नाही. स्मरणरंजन फलाटावरच्या बाकापर्यंत ठीक असते. शिट्टी तोंडात धरली की ते संपते.

तथापि आरोपाचा उरलेला अर्धा भाग आम्हाला मान्य करावा लागतो. ही रेल्वे ज्यांच्यासाठी होती, ते खाणकामगार गाडीत नाहीत. त्यांची भाषा वेल्श; तिला वाचवायला धावलेले बरेच जण इंग्लंडमधून आलेले. २०२१ मध्ये वायव्य वेल्सचा स्लेट-प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला, त्यात ब्रिन एग्लुइस, आबरगनोल्विन गाव आणि ही रेल्वे यांचाही समावेश आहे. सन्मान योग्यच आहे. पण छातीत साठलेली दगडाची धूळ आणि खाण बंद झाल्यावरची बेकारी कोणत्याही स्वयंसेवकाला पुन्हा चालवून दाखवता येत नाही, आणि दाखवता यावी असेही कोणी म्हणणार नाही. इंजिन, ब्रेक, बावटा, नियम हे सारे जपता येते. गरज जपता येत नाही. कंटाळा आला तर आम्ही रविवारी घरी परतू शकतो. अण्णांना तो मार्ग नव्हता.

आपल्याकडे २०२२ मध्ये ‘गार्ड’ हे पदनाम बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ झाले. अण्णांना त्याचे दुःख नाही. “नाव काही असो, शेवटी माणूस आहे ना?” एवढेच त्यांनी विचारले. आम्हाला वाटते, जपलेल्या कोणत्याही जुन्या गोष्टीला, मग ती रेल्वे असो, ओवी असो की एखादा अभ्यासक्रमात उरलेला कवी असो, हाच प्रश्न विचारावा. तिच्यामागे आज जबाबदारी घेणारे कोणी उभे आहे का? असेल, तर ती गोष्ट अजून चालू आहे. नसेल, तर ‘स्मरणरंजन’ हा शब्द खुशाल वापरावा.