हूल

शनिवारी सकाळी आदल्या रात्रीच्या मॅचचं चित्रण बघायला बसलो की माझी नजर चेंडूवर नसते, आमच्या लाइनबॅकरच्या टाचांवर असते. ओहायोतल्या एका हायस्कूलमध्ये मी दिवसा गणित शिकवतो आणि संध्याकाळी अमेरिकन फुटबॉलचा बचाव. संध्याकाळचा विषयही शेवटी गणितच.

पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखायला पाच जण असतात: मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. चेंडू मागे देण्याआधी सेंटर आमच्या पुढच्या फळीमागच्या एका लाइनबॅकरकडे बोट करून ओरडतो आणि कोणी कोणाला अडवायचं ते ठरतं. नवख्याला वाटतं, पाच अडवणारे आहेत ना, मग सहा पाठवा. पाठवले तर मागे पास झेलणाऱ्या पाच रिसीव्हरांवर आमचे पाचच उरतात. एक निसटला की टचडाउन.

म्हणून आम्ही दाखवतो सहा आणि पाठवतो चार. पुढच्या फळीतले आमचे चौघे आणि त्यांच्यात, सेंटरच्या दोन्ही बाजूंना, घुसायच्या तयारीतले दोन लाइनबॅकर. चेंडू हलला की ते दोघे मागे सरकतात, डावीकडच्या टोकाचाही मागे येतो, आणि उजवीकडून भलताच एक जण आत घुसतो. सेंटर आणि एक टॅकल वाऱ्याला मिठी मारत राहतात. पाचातले दोन वाया गेले, उरले तीन. आमचे आले चार. मागे राखणीला सात आहेतच.

या विचाराचं बीज 1970च्या दशकात मायामीच्या बिल आर्न्सपार्गरनं टाकलं. पुढे 1980च्या दशकात सिनसिनाटीत डिक लेबो यांनी त्याची 'झोन ब्लिट्झ' म्हणून पद्धतच बसवली. मुलांना मी लेबोंच्याच पिट्सबर्ग संघाचा एक क्षण दाखवतो. 1 फेब्रुवारी 2009, टँपा, सुपर बोल. अ‍ॅरिझोना गोललाइनला येऊन टेकलेली. पिट्सबर्गचा लाइनबॅकर जेम्स हॅरिसननं धावून जायचं, असा हुकूम होता. तो निघाल्यासारखा झाला आणि आपल्या मनानंच थबकून मागे आला. समोरचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर, त्याला तो दिसलाच नाही. नेमक्या त्याच्या हातात पास पडला आणि हॅरिसन 100 यार्ड धावत गेला. पिट्सबर्गनं सामना 27–23 असा जिंकला.

मुलांना ती धाव आवडते. मी त्या थबकण्यापाशी चित्र थांबवतो.

लहानपणी सांगलीत कबड्डी खेळायचो. आमचा कोपऱ्यावरचा गडी असा सुस्त उभा राहायचा की चढाईवाला बेफिकीर पाय टाकायचा. हूल म्हणजे हातवारे नव्हेत. खरं काय ते अंगाला कळू न देणं. गेल्या मोसमात नेमकं तेच आमच्या एका पोराला जमत नव्हतं. खरंच जायचं असलं की त्याची मागची टाच उचललेली, नुसतं दाखवायचं असलं की दोन्ही टाचा जमिनीवर. मला ते दिसलं नाही, समोरच्या क्वार्टरबॅकला दिसलं. त्यानं तीनदा ऐनवेळी चाल बदलली. तिसऱ्यांदा, पोरानं सोडलेल्या जागेतूनच पास गेला आणि आम्ही हरलो. महिनाभर रोज संध्याकाळी त्या टाचांकडे बघणारा मी. चूक त्याची कसली?

मग आम्ही तेवढंच घोटलं: जायचं असो वा नसो, उभं राहणं एकच. पुढच्या मॅचला क्वार्टरबॅक चारदा आडवा झाला. चारही वेळा कागदावर नाव लागलं दुसऱ्यांचं. शनिवारी पोरानं विचारलं, "कोच, मी काय केलं?"

मी चित्र मागे घेऊन थांबवलं. सेंटर दोन्ही हात पसरून रिकाम्या जागेला अडवत होता.

"हा तुझा," मी म्हणालो.

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पुन्हा लावा ना."