हरसूलच्या वाटेवर दोन पोती

मुलांनो, तुमच्या घरातल्या माळ्यावर काय काय पडलंय, सांगा बरं! जाळी सुटलेली रॅकेट, हवा गेलेला फुटबॉल, गेल्या वर्षी पायात जात होते आणि आता जात नाहीत असे बूट? आमच्या सोसायटीत खेळाचं जुनं सामान गोळा करायचं ठरलं, तेव्हा दोन रविवारांत दोन मोठी पोती भरली. म्हटलं, वा! काय दिलदार लोक आहेत.

डिसेंबरातल्या एका शनिवारी ती पोती घेऊन मी आणि माझा आठवीतला भाचा सकाळीच नाशिकहून निघालो. जायचं होतं हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावर, जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिथले गुरुजी आमच्या ओळखीचे.

त्र्यंबकेश्वरापर्यंतचे तीसेक किलोमीटर गाड्यांची गर्दी असते. ब्रह्मगिरी मागं पडला की ती ओसरते. मग नुसती वळणं, चढउतार, सागाची झाडं आणि उतारावर पायऱ्यांसारखी मांडलेली भातखाचरं. नाशिक जिल्ह्याचा हा गुजरातला लागून असलेला पश्चिमेचा भाग. वस्ती कोकणा, वारली, महादेव कोळी लोकांची. पिकं भात, नागली, वरई. पाऊस इथं धो धो पडतो, पण पाणी डोंगरउतारावरून वाहून जातं. उन्हाळ्यात हंडा घेऊन लांबलांब चालायची पाळी येते.

याच भागात सावरपाडा नावाचं छोटं गाव आहे. कविता राऊत तिथली! २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत तिनं कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी चीनमध्ये, ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. सुरुवातीला ती अनवाणीच धावायची. भाच्याला हे सांगितलं, तर तो मागच्या पोत्यांकडे बघून म्हणाला, "मावशी, मग आपण बूट नेतोय ते बरंच झालं की!"

मलाही तसंच वाटत होतं.

शाळेला स्वतःचं मैदान नाही. भाताची कापणी झाली की शेजारचं खाचर हेच मैदान. धसकटं पायाला टोचतात, म्हणून पोरंच ती उपटून जमीन चोपून घेतात. जूनमध्ये पाऊस आला की मैदान परत भाताच्या ताब्यात! आम्ही पोचलो तेव्हा तिथं खो-खो रंगात आला होता. दोन्ही खांब गावातल्या सुतारानं करून दिलेले, मस्त गुळगुळीत.

पोती सोडली. चार फुटबॉल निघाले, पण पंपच नव्हता! शिवाय चारही पाच नंबरचे. पाच नंबरचा चेंडू मोठ्यांचा, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा लागतो. मग क्रिकेटचा लेदर बॉल निघाला, दीडशे ग्रॅमहून जड. पॅड फक्त एकाच पायाचं. खडकाळ जमिनीवर तो कसा उसळेल ते कोण सांगणार? गुरुजींनी तो मुकाट्यानं कपाटात ठेवला. मग निघाले चाकाचे स्केट्स. पोरं टकमक बघायला लागली.

"ह्या खाचरात कशा चालवायच्या, मॅडम?" गुरुजी हसून म्हणाले. मीही हसले, पण कान गरम झाले होते.

बुटांची कथा तर विचारूच नका. लहानपणापासून अनवाणी चालणाऱ्यांचा चवडा रुंद असतो, बोटं मोकळी पसरलेली असतात. आपले शहरातले निमुळते बूट त्यांना लांबीला झाले तरी रुंदीला होत नाहीत. सातवीतल्या एका मुलीला मात्र एक निळा जोड बसला. शाळेत सगळ्यात जोरात पळणारी ती. पुढच्याच आठवड्यात तालुक्याच्या शर्यती होत्या. नाडी बांधून तिनं खाचराभोवती एक फेरी मारली, दुसरी सुरू केली आणि मध्येच थांबली. बूट काढून ठेवले, उरलेली फेरी अनवाणी पुरी केली, मग बूट उचलून आमच्याकडे आली. एका हातात बूट, दुसऱ्या हातात त्याचा सुटलेला तळवा.

"मॅडम, मी नाही तोडला," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी.

तिनं तोडला नव्हताच. काही बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेन असतं. बूट न वापरता वर्षानुवर्षं पडून राहिला की हवेतल्या ओलाव्यानं ते आतल्या आत विरतं. बाहेरून बूट नवाकोरा, आणि पायात घातला की तळव्याचा भुगा! मी तिला हे समजावलं, पण तिला ते पटलं असं काही दिसलं नाही.

परत येताना भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, आपण 'देऊन टाकलं' म्हणतो ना, त्यात 'टाकलं' पण आहे." मी गाडी चालवत राहिले.

पुढच्या वेळी आधी गुरुजींना विचारलं, काय हवं? यादी आली. पंप आणि त्याच्या पिना, शिट्टी, टेनिसचे चेंडू, मैदान आखायला फक्की, चार नंबरचे दोन फुटबॉल. यादीबरोबर वर्तमानपत्रांचं एक भेंडोळं. त्यावर मुलांना उभं करून पेनानं काढलेली पावलं, प्रत्येकावर नाव! सोसायटीतल्या पोरांनी जिन्यात ती पावलं पसरली आणि बूट त्यांवर ठेवून बघितले. प्रत्येक बूट दुमडून, घालून, उड्या मारून तपासला. अर्धेअधिक बाद झाले. त्या मुलीच्या मापाचा एकही निघेना, तेव्हा रद्दी विकून तिच्यासाठी नवा जोड घेतला.

फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा गेलो. रस्त्यावर पळस फुलला होता. शर्यतीत ती मुलगी अनवाणी पळून दुसरी आली होती, असं गुरुजींनी सांगितलं. सामानाची वही आता तिच्याकडेच असते. चेंडू, शिट्टी, पंप शाळेचे. कोणी नेलं, कधी परत आणलं, ते ती लिहिते आणि उशीर झाला की जाब विचारते. नवे बूट तिच्या हातात दिले. तिनं आधी एक बूट दोन्ही हातांनी दुमडला, तळवा नखानं ओढून बघितला. मग दुसऱ्याचंही तेच. मग घातले.

आणि स्केट्स? त्यांची चाकं काढून पोरांनी एका फळीला ठोकली होती. शाळेपुढच्या डांबरी उतारावरून दोघं बसून सुसाट खाली यायचे आणि तिसरा मागून ओरडत पळायचा. नंबर लावावा लागत होता. आमचा भाचा तिथून अर्धा तास हलला नाही, आणि त्याचा नंबर पाचदा आला.