खिंडीअलीकडे, खिंडीपलीकडे

बरशैणी, रात्री

ती. ताईस,


पोचलो. सगळे ठीक आहेत. भुंतरपासून वर गाडीने जीव काढला, पण ते जाऊ दे. मणिकरणला गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवलो: काळी डाळ, भात, रोट्या. तिथल्या कुंडातलं पाणी इतकं कढत असतं की त्यात फडक्यात बांधून तांदूळ सोडले तर भात होतो. आईला सांग, मी दोनदा भात घेतला.

आईच्या थेंबांचा कागद फ्रीजवर लावलाय. पांढऱ्या झाकणाची बाटली दिवसातून चारदा, दुसरी फक्त रात्री. दोन्ही थेंबांत पाच मिनिटं जाऊ द्यायचीच. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला हात लावू देऊ नकोस, आणि परसात जाताना काळा चष्मा काढू देऊ नकोस. ती काढते आणि वहिनीला कळतसुद्धा नाही.

आजची दुपार एका नाक्यावर गेली. परवानगीचे कागद आमच्याकडे होते, ओळखपत्रं होती, पण तिथल्या कारकुनाला प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती हव्या होत्या आणि झेरॉक्सचं दुकान पार खाली. आमच्यातले दोघे मिळेल त्या गाडीने खाली गेले. तोवर बाकीचे पावसात उभे. आत पत्र्याखाली बाक रिकामा होता, त्यावर बसू दिलं नाही. हे सगळं मी गिळलं असतं. पण आमच्या नेपाळी पोर्टरांची ओळखपत्रं त्याने न बघता टेबलावरून खाली टाकली, आणि त्यांना ती चिखलातून वेचायला लागली. त्यातला सगळ्यात लहान मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, आपल्या भाच्याएवढा. त्याने कार्ड शर्टाला पुसून खिशात ठेवलं, कोणाकडे पाहिलंही नाही. मी त्या माणसाला सुनावलं. त्याने आमच्या प्रती आणखी अर्धा तास तशाच ठेवल्या.

संध्याकाळी काट्यावर ओझी झाली, पाठीमागे पंचवीस किलो. आमच्या ठेकेदाराने पोर्टरांना बूट, उबदार कपडे, काळे चष्मे देतो म्हणून कबूल केलं होतं, त्या कबुलीवरच आम्ही पैसे भरले. मुलांच्या पायांत पातळ रबरी तळव्याचे कापडी बूट आहेत. फोन केला तर म्हणाला, 'हो जाएगा'. कुठे होणार? उद्या आम्ही खिंडीकडे चालू लागणार, दुपारनंतर फोनसुद्धा लागणार नाही.

पत्र सकाळी इथल्या चहावाल्याकडे देते, तो पेटीत टाकेल.

तुझी धाकटी


ठाकूर कुआँ

ताई,
पाऊस. खीरगंगेच्या गरम कुंडात पाय बुडवून निघालो तेव्हापासून पाऊस. मोजे तीन जोड आणले, तिन्ही ओले. रात्री एक जोड पोटाशी घेऊन झोपते म्हणजे सकाळी निदान कोमट असतो. खीरगंगेला शेवटचा चहा झाला, साठ रुपयांना, कपही एवढासा. उकडलेलं अंडं तीस रुपये. घेतलं आणि मीठ लावून सावकाश खाल्लं, कारण पुढे दुकान नाही.

काल टुंडा भुजला भूर्जाची झाडं पाहिली. साल पापुद्र्यापापुद्र्यानं सुटते, गुलाबीसर. अण्णांच्या कपाटातल्या पोथ्यांची खूप आठवण झाली.

आता जेवणाचं. तू तुरीची डाळ बांधून दिलीस ना, ती इथे हट्टाने शिजत नाही. जसजसं वर जावं तसतसं पाणी कमी तापमानाला उकळतं. साडेचार हजार मीटरवर साधारण ८५ अंशांनाच उकळी फुटते, मग डाळीचा दाणा तासभर उकळला तरी मधे कच्चा राहतो. सगळा भरवसा कुकरवर, आणि कुकर एकच. आधी आमची डाळ, मग आमचा भात, मग पोर्टरांचा भात. त्यांना जेवायला रात्रीचे नऊ वाजतात आणि पहाटे आमच्याआधी तेच उठतात. काल मी स्वयंपाक्याला म्हटलं, आज मला दे. बेसन होतंच, कांदा होता, तू दिलेली लसणीची चटणी होती. पिठल्याला कुकर लागत नाही. मोठ्या पातेल्यात घट्टसर पिठलं केलं, आणि आधी पोर्टरांना वाढलं. धाकट्याने तीनदा घेतलं. चटणीची पिशवी अर्धी झाली पण मला वाईट वाटलं नाही. पुढच्या वेळी दुप्पट बेसन बांधायचं, हे आत्ताच लिहून ठेवते.

तो मुलगा पश्चिम नेपाळचा. गावी रोपं लावून आला. इथलं काम संपलं की खाली कुल्लूकडे सफरचंदं तोडायला जाईल आणि तिहारला, म्हणजे त्यांच्या दिवाळीला, घरी. त्याच्या आईच्याही एका डोळ्यात वडस वाढलंय म्हणाला. मी त्याला आईच्या ऑपरेशनचं सांगितलं. त्याने किती खर्च आला ते विचारलं. मी आकडा सांगितला आणि तो पुढे काही बोलला नाही.


मानतलाई

ताई,
हे घाईत. उलट्या बाजूने, खिंडीपलीकडच्या मुद गावाकडून, काही बंगाली मंडळी आली आहेत, उद्या खाली उतरतील. पत्र त्यांच्या हाती देते. त्यांनी आम्हाला मोहरीचं लोणचं दिलं, आम्ही त्यांना भडंग दिला.

वाटेत पांडू पूल ओलांडला: नदीवर पडलेले अवाढव्य खडक, भीमाने टाकले म्हणतात. मी खाली पाहिलं नाही.

थंडी मात्र सांगते. बाटलीतलं पाणी रात्री गोठतं म्हणून बाटली झोपायच्या पिशवीत. टूथपेस्ट घट्ट होते म्हणून तीही पिशवीत. कॅमेऱ्याची बॅटरी, ओले मोजे, औषधं, सगळं पिशवीत, आणि त्यात मी. डोकं दुखतंय पण उंचीचं आहे, डॉक्टर बरोबर आहेत, काळजी नको. भूक मेली आहे. आईच्या हातचा मऊ भात, त्यावर मेतकूट आणि तूप, एवढंच दिवसभर डोक्यात आहे. काल रात्री काही कारण नसताना रडू आलं. आईला हे वाचून दाखवू नकोस.

आईने दिलेला बेल वाहिला. तळं म्हणजे वाळूचं मोठं पात्र आणि त्यात पाण्याच्या पसरट धारा, काठाला दगडांत रोवलेले त्रिशूळ. पार्वती नदी इथून निघते. बेलाची पानं वाळून करकरीत झाली होती तरी एकही तुटलं नव्हतं. श्रावणी सोमवार नव्हता, पण आईला सांग की झालं.

वर मेंढपाळांचा तळ आहे. तिथला म्हातारा आमच्या शेकोटीला येऊन बसला. अंगात जाड लोकरी चोळा, कमरेला काळ्या लोकरीचा लांबच लांब दोर गुंडाळलेला. कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा, बिबट्याने मान धरू नये म्हणून. विचारलं, तुमच्या मुलखात मेंढरं आहेत का. मी फलटणकडच्या धनगरांचं सांगितलं, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, पावसाआधी परत चढतात. त्याला फार आनंद झाला. 'म्हणजे त्यांनाही बर्फ टाळावा लागतो?' मी म्हटलं, बर्फ नाही, त्यांना चारा गाठायचा असतो. त्याने मान हलवली, हेच तर आपणही करतो म्हणाला.

मग आम्ही ओलांडणार त्या खिंडीचं बोलणं निघालं. १८८४ साली लुई डेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ही खिंड ओलांडली, स्पितीला दुसरी वाट शोधत होता. पुस्तकात त्याचंच नाव पहिलं म्हणून येतं. पण ताई, त्याचा तंबू कोणाच्या पाठीवर होता? त्याची भांडी, त्याचं धान्य? ती माणसंही त्याच दिवशी त्याच बर्फावरून गेली, ओझ्यासकट गेली. मला हे इथे येण्याआधी कधी सुचलं नव्हतं. आता प्रत्येक चढावर माझ्यापुढे एक पाठ आणि कपाळपट्ट्यावर पेललेला डाग असतो, तेव्हा दुसरं काही सुचत नाही.


खिंडीच्या पलीकडे, तळ

ताई,
खिंड झाली. ५,३१९ मीटर. पहाटे तीनला निघालो, कारण ऊन चढलं की बर्फ मऊ पडतो आणि खालच्या भेगा दगा देतात. सगळे एका दोरात. वर पोचल्यावर पुढे स्पिती दिसला, मागे पार्वतीचं खोरं ढगात. फोटो आहेत, आल्यावर दाखवीन.

लिहायचं ते वेगळंच आहे. काळे चष्मे शेवटपर्यंत आले नाहीत. आमच्याकडचे जादा होते ते वाटले, तरी दोघांना उरले नाहीत. बुटांना मुलांनी सुतळी गुंडाळली, घसरू नये म्हणून. गाईडने बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याला बारीक फटी पाडल्या आणि दोघांच्या डोळ्यांवर बांधला. एकाने तो बांधून ठेवला. धाकट्याकडे गॅसची टाकी आणि भांडी होती, उतारावर पाय टाकायची जागा फटीतून दिसेना, म्हणून त्याने तो वर सरकवला. कोरा बर्फ, निरभ्र ऊन, सकाळी सात ते दुपारपर्यंत.

संध्याकाळी चहा करताना तो डोळे चोळायला लागला. वाळू गेल्यासारखं वाटतंय म्हणाला. तासाभरात पापण्या सुजल्या, पाणी थांबेना, उजेड सहन होईना. डॉक्टर म्हणाले, बर्फावरच्या उन्हाने बुबुळ भाजलंय. घाबरण्यासारखं नाही, एकदोन दिवसांत भरून येतं, पण चोळायचं नाही, अंधारात राहायचं. त्याला आमच्या तंबूत आणलं. ओल्या रुमालाची घडी, दर थोड्या वेळाने थेंब, दोन औषधांत पाच मिनिटं. हात आपोआप चालत होता. गेल्या महिन्यात आपण दोघींनी हेच केलंय ना.

रात्री दोनच्या सुमारास त्याने विचारलं, 'दीदी, दिखेगा ना?' मी म्हटलं, दिसेल. पुन्हा थोड्या वेळाने तेच. मग म्हणाला, ठेकेदाराला सांगू नका, सांगितलंत तर पुढच्या फेरीला घेणार नाही. ताई, त्या वेळी मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. खिंडीवर पोचल्याचा आनंद मी शोधला, पण सापडला नाही. डोळा भाजलेला तो, आणि भीतीही त्यालाच.

आज तो पुढच्याच्या पिशवीला हात लावून दगडांतून चालला. त्याचं ओझं आम्ही सगळ्यांनी वाटून घेतलं. माझ्याकडे कुकर आला.


मुद

ताई,
गाव! दूध घातलेला चहा, छप्पर, बसायला गादी.

इकडे पाऊस नाही. पार्वतीकडे आठवडाभर कपडे वाळले नाहीत, इथे हाताची कातडी फुटते. सगळे ढग मधल्या रांगेने पलीकडेच अडवले. महाबळेश्वर धो धो कोसळत असताना फलटणला आभाळाकडे बघत बसतात, तसंच, फक्त मधली भिंत पाच हजार मीटरची. डोंगर तपकिरी, जांभळे, एक झाड नाही, आणि नदीकाठी एकदम हिरवे चौकोन: जव आणि वाटाणा. खाली मैदानात वाटाणा नसतो तेव्हा स्पितीचा निघतो, म्हणून भाव चांगला मिळतो. सगळं गाव शेंगा तोडायला शेतात. घरमालकीणही दुपारी मला पोरांबरोबर घरी सोडून गेली.

तिने आल्याआल्या लोणी-मिठाचा चहा दिला आणि त्यात कालवायला भाजलेल्या जवाचं पीठ. पहिला घोट अवघड गेला. दुसऱ्या वाटीला मी मागून घेतला. रात्री ताज्या वाटाण्याची भाजी आणि भात, आणि भात शिजलेला होता, ताई, अगदी मऊ. मी किती खाल्ला ते लिहीत नाही.

त्या मुलाचे डोळे उघडले. लाली आहे, पण दिसतंय. सकाळी दारात बसून बोटं मोजून दाखवली. डॉक्टरांनी त्याच्या आईच्या डोळ्याबद्दलही त्याला समजावलं: वडस असेल तर ऑपरेशन साधं असतं, पुढे काय करायचं, कुठे विचारायचं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या हातात काही पैसे दिले आहेत. मजुरी वेगळी, ती ठेकेदाराकडून पूर्ण वसूल करणार आहोत. मी तक्रारीचं पत्र लिहिलं. त्यात कोणाही पोर्टरचं नाव नाही, आम्हा सगळ्यांच्या सह्या आहेत, आणि उरलेला हप्ता थांबवला आहे.

उद्या बसने काझाला, तिथून कुंझूममार्गे मनाली. हिक्कीमचं उंचावरचं पोस्ट सगळे बघायला जाणार आहेत. मी नाही जात, ही पत्रं काझालाच टाकते. मला झोपायचंय.

तुला एक काम. दादाला सांगून सातारच्या चष्म्याच्या दुकानातून बाजूंना झाकण असलेले, किरण अडवणारे गडद चष्मे डझनभर घ्यायचे. स्वस्तातले रंगीत काचेचे अजिबात नकोत. त्यांनी बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात, डॉक्टरांनी बजावलंय. आमचा गाईड महिनाअखेरीस पुन्हा बरशैणीहून निघतोय, माणसं तीच. चहावाल्याचा पत्ता मागच्या कागदावर लिहिलाय. पार्सल रजिस्टर करा, पैसे माझ्या खात्यातून काढ, आणि शक्य झालं तर उद्याच पाठवा, कारण पोस्टाला वर यायला वेळ लागतो.

तुझी धाकटी