उत्तरक्रिया कोणासाठी?

मृताच्या नावाने जे विधी केले जातात त्यांचा मृताला काय उपयोग, असा प्रश्न आपल्याकडील सुशिक्षित मंडळी गेली शंभर-सव्वाशे वर्षे विचारीत आली आहेत. मला वाटते, हा प्रश्न भलत्याच्याच वतीने विचारला जातो. गेलेल्या माणसाचे पुढे काय होते ते त्यालाच ठाऊक. मागे राहिलेल्यांचे त्या तेरा दिवसांत काय होते, ते मात्र आपण डोळ्यांनी पाहत असतो.

ह्या विधींशी मोठ्या निकराने भांडलेला एक पुरुष आमच्याच मुलखातला. पेण तालुक्यातील गागोदे ह्या खेड्यात 1895 साली विनोबा भावे जन्मले. 1918 साली बडोद्यास त्यांच्या मातोश्री निवर्तल्या. अंत्यसंस्कार भटजींकरवी न होता आपल्या हातून व्हावेत, असा विनोबांचा आग्रह होता. घरच्यांनी तो मानला नाही. तेव्हा तेवीस वर्षांचा हा मुलगा स्मशानात गेलाच नाही. स्नान करून वेदाध्ययनास बसला. पुष्कळांना ह्यात कोरडेपणा दिसतो. मला तो दिसत नाही. त्यांचे भांडण विधीशी नव्हतेच; परक्याकडून करवून घेतलेल्या विधीशी होते. संस्कृत गीता समजत नाही, तूच ती मराठीत का करीत नाहीस, असे आईने एकदा त्यांना म्हटले होते. 1930-31 साली त्यांनी ‘गीताई’ रचली. आईला जाऊन बारा वर्षे लोटली होती. पण मुलाच्या हातून व्हावयाचे जे राहिले होते ते, माझ्या मते, तेव्हा पुरे झाले. पुढे 1947 साली धुळ्यास वडील वारले. अस्थी नाशिकला गोदावरीत सोडाव्या, अशी सूचना आली. विनोबांनी त्या मातीच्या म्हणून मातीलाच दिल्या, आणि वर तुळस लावली.

परंतु विनोबा होणे सर्वांना साधत नाही. सामान्य माणसाला त्या दिवशी स्वतःचा विधी सुचत नाही. घोटभर पाणी प्यावे हेही सुचत नाही. रोह्यास माझे वडील गेले त्या पहाटे मी ओसरीवर नुसता उभा होतो. आळीतील माणसे आली, बांबू आले, सुंभ आला; आणि ज्यांच्याशी आमचे कुंपणावरून वर्षानुवर्षे पटत नव्हते ते गृहस्थ निमूटपणे तिरडी बांधू लागले. मडके धर म्हणाले, धरले. चाल म्हणाले, चाललो. कुंडलिकेच्या काठी गळत्या मडक्यासह चितेभोवती फेऱ्या घातल्या आणि ते खांद्यावरून मागे टाकले. वडील गेले, हे मला त्या फुटण्याच्या आवाजाने प्रथम कळले; डॉक्टरांच्या शब्दाने कळले नव्हते. त्या दिवशी आमची चूल पेटली नाही. पिठलंभात शेजारून आला, आणि आणणारी बाई समोर बसून राहिली म्हणून आईने दोन घास खाल्ले.

दहाव्या दिवशी कावळा शिवेना. कावळ्यावर माझा विश्वास नाही. तथापि वडिलांचे मन कशात गुंतले असेल, ह्याचा शोध तेथे सुरू झाला: धाकटीचे लग्न, काकांशी तुटलेले बोलणे, सोसायटीचे कर्ज. घरात ज्या गोष्टींचा उच्चार कोणी करीत नसे त्या कावळ्याच्या निमित्ताने मोठ्याने बोलल्या गेल्या. काका पुढे झाले व धाकटीची जबाबदारी आपली असे म्हणाले. कावळा त्यानंतर आला की आधी, हे मला आठवत नाही.

दानांच्या याद्या, ऋण काढून घातलेली तेराव्याची पंगत, विधवेची विटंबना ह्यांचा कैवार मी घेणार नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापून भटजीवाचून विधी करण्याची वाट घालून दिली. विधीवाचून राहा, असे त्यांनीही सांगितले नाही. विधी अजिबात नसला म्हणजे काय होते ते 2020 व 2021 साली कोविडच्या साथीत आपण पाहिले. कित्येक घरांना देह बांधलेल्या पिशवीतच दिसला. कित्येकांना तोही दिसला नाही. अग्नी परक्या हातांनी दिला गेला. अशा घरी भेटावयास गेलो असता खाट मिळाली नाही, प्राणवायू मिळाला नाही, ही तक्रार मी ऐकली आहे. पण तिच्याहून अधिक वेळा ऐकले ते ‘तोंड पाहावयास मिळाले नाही’ हेच वाक्य.

आता पेण-रोह्याची मुले मुंबई-पुण्यास असतात, समुद्रापार असतात. शहरात तर दूरध्वनी केला की गाडी येते, सर्व साहित्य येते, तेरा दिवसांचे कार्य तीन दिवसांत उरकते. सोयीला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र ह्या सोयीत मुलाच्या वाट्याला नुसते उभे राहणे येते, आणि दुःखात नुसते उभे राहण्यासारखे अवघड दुसरे काही नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरी आई गेली तेव्हा मुलगा परदेशी होता. अग्नी पुतण्याने दिला. मुलाने तो हातातील यंत्राच्या पडद्यावर पाहिला. अस्थी त्याच्यासाठी परसातील झाडाला बांधून ठेवल्या होत्या. पंधरवड्याने तो आला. नदीवर जाऊ का, असे भटजींनी विचारले. त्याने थोड्या अस्थी नदीसाठी काढून दिल्या व उरलेल्या आईने लावलेल्या फणसाखाली पुरावयाच्या ठरविल्या. गड्याने खणावयास घेतले होते; मुलाने कुदळ त्याच्या हातातून मागून घेतली. जमीन कातळाची होती, त्याला सवय नव्हती, दुपार टळेपर्यंत तो खणत होता. कोणीही त्याला आटप म्हटले नाही.