महाकालाची भांग

मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटलेली अवंतिका एक्स्प्रेस पहाटे रतलाम ओलांडते. पौषातला माळवा म्हणजे नजर पोचेल तिथपर्यंत गहू, हरभरा आणि लसूण. खिडकी उघडली की गार वारा अंगावर येतो आणि काळ्या ओल्या मातीचा वास डब्यात भरतो. नागदा गेलं की डब्यात हालचाल सुरू होते. बायका पिशव्यांतून बेलाची पानं काढून पुन्हा नीट बांधतात, कोणीतरी वरच्या बाकावरून 'जय महाकाल' म्हणतं आणि सगळा डबा ओ देतो.

मी निघालो होतो महाकालाचा भांगेचा शृंगार पाहायला. आपल्याकडे महाशिवरात्रीला पिंडीवर बेल आणि धोत्र्याचं फूल वाहतात, उपासाला कवठाची चटणी करतात. भांग घरच्या देवपूजेत येत नाही. नर्मदेच्या उत्तरेला मात्र ती बेलाच्या शेजारी मानानं बसते. काशीत ती ठंडाईतून येते, बंगालात विजयादशमीला 'सिद्धी' म्हणून पाहुण्यांपुढे ठेवली जाते. दक्षिणेतही कर्नाटकात यादगीर जिल्ह्यातल्या तिंथिणीच्या मौनेश्वराच्या यात्रेत भाविकांना गांजा प्रसाद म्हणून मिळत आलेला आहे. पण देवाच्या अंगावर भांग लेपून त्यातून त्याचा चेहरा घडवायचा, ही उज्जैनची गोष्ट मला पूजेच्या डोळ्यांनी पाहायची होती.

उज्जैनमध्ये मराठी माणसाला परकं वाटत नाही. ज्यांच्याकडे उतरलो ते काका निवृत्त शिक्षक. त्यांचे पूर्वज शिंद्यांबरोबर इकडे आले. बोलतात शुद्ध मराठी, फक्त मधूनच एखादं वाक्य माळवी वळणानं उतरतं. चहा घेताना ते म्हणाले, "आज आपण जे देऊळ पाहतो ते आपल्याच माणसांनी उभारलं बरं का." खरंच आहे. तेराव्या शतकात दिल्लीचा सुलतान अल्तमश याच्या स्वारीत जुनं मंदिर पडलं, आणि १७३० च्या दशकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी ते पुन्हा बांधून घेतलं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण मराठी खुणा देवळात राहिल्या. उत्तरेचा श्रावण पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. महाकालाच्या सोमवारच्या सवाऱ्या त्यामुळे तिकडच्या भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यातही निघतात. महाशिवरात्रीआधीच्या शिवनवरात्रात इथे नारदीय कीर्तन उभं राहतं. काकांनी हे सांगताना आवाज जरा चढवला, आणि मलाही ते ऐकून बरं वाटलं.

दुपारी चारला आम्ही रांगेत लागलो. रुद्रसागराच्या काठानं महाकाल लोकचा लांबलचक परिसर आहे, २०२२ साली खुला झालेला. मूर्ती, भित्तिचित्रं, कमळाचं तळं, मोबाइलवर फोटो काढणारी गर्दी. मी तिथे रेंगाळलो नाही. देवळाचं खरं गांभीर्य आत उतरताना जाणवतं. महाकालाचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, वरच्या मजल्यावर ओंकारेश्वर आणि त्याच्याही वर नागचंद्रेश्वर, ज्याचं दार वर्षातून एकदाच, नागपंचमीला उघडतं. लिंग दक्षिणमुखी. दक्षिण ही यमाची दिशा, म्हणून मृत्यूवर सत्ता असलेला हा महाकाल. पहाटेची भस्म आरती सगळ्या देशाला माहीत आहे. संध्याकाळच्या शृंगाराबद्दल तितकं बोललं जात नाही, आणि माझ्या मते उज्जैनला जाणाऱ्यानं दोन्ही पाहायला हवं.

पाच वाजता जलाभिषेक थांबतो. लिंग धुऊन कोरडं केलं जातं, आणि मग दिवसभर पाणी अंगावर घेतलेल्या त्या काळ्या दगडावर पुजारी हात फिरवू लागतात. ताटात भांगेचा लगदा असतो, गर्द हिरवा, वाटून लोण्यासारखा मऊ केलेला. तो आधी पातळ थरानं लिंगाला लागतो, मग हळूहळू जाड होतो. गालांना फुगवटा येतो, नाक उठतं, ओठ उमटतात. पुजाऱ्याचा अंगठा भुवईवरून एकदाच फिरतो आणि भुवई कोरली जाते. चंदनाचं त्रिपुंड्र, कपाळावर चंद्र, बदाम-काजूंची नक्षी, डोळे सर्वांत शेवटी. डोळे लागले आणि नंदीमंडपात बसलेली सगळी माणसं नकळत सरसावून बसली. माझ्या शेजारी शाजापूरकडची एक म्हातारी होती. ती हात जोडून हळूच म्हणाली, "अब ठंडक पड़ी होगी बाबा को।"

त्या एका वाक्यात या पूजेचं सगळं कारण आहे. समुद्रमंथनातलं हलाहल पोटात न घेता कंठात धरलेल्या देवाला दाह होतो, ही श्रद्धा. बेल, दूध, पाण्याची अखंड धार, आणि भांग हे सगळे त्या दाहावरचे उपचार. आजारी माणसाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवावी तशा मायेनं हे चाललेलं असतं. त्या गाभाऱ्यात नशा हा शब्द कुणाच्या मनात आला असेल असं मला वाटत नाही. झांजा, डमरू, नगारा यांच्या गजरात संध्या आरती झाली. हिरव्या चेहऱ्यावर ज्योतींचा उजेड हलत होता, आणि मी तासभर एकाच जागी उभा होतो.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला भांग घोटणाऱ्याकडे नेलं. परवान्याचं दुकान, बाहेर पाटी. आत दगडी पाटा आणि वरवंटा. पानं आधी भिजवतात, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतात. काळी मिरी, बडीशेप, खरबुजाच्या बिया, बदाम, गुलाबपाकळ्या असं सगळं घालून वाटण सुरू होतं. वाटणारा माणूस शब्द न बोलता एकाच लयीत वाटत होता. वाटून झाल्यावर त्यानं पहिला कण बोटावर घेतला, देवळाच्या दिशेनं हात केला, आणि मगच गिऱ्हाइकांकडे वळला. एक तरुण मुलगा मित्रांसमोर मोठा गोळा मागत होता. घोटणाऱ्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "पहली बार है? तो बस इतनी," असं म्हणून हरभऱ्याएवढी गोळी काढली आणि बाकीचं झाकून ठेवलं. मुलानं हुज्जत घातली, तरी गोळी वाढली नाही.

त्या माणसाला जे अनुभवानं माहीत होतं त्याला शास्त्राचाही आधार आहे. भांगेतलं अमली द्रव्य स्निग्ध पदार्थांत विरघळतं, म्हणून दूध आणि बदाम. पोटातून गेलेली भांग चढायला तास-दोन तास लागतात. काहीच होत नाही असं वाटून माणूस आणखी घेतो आणि मग सगळं एकदम अंगावर येतं. छाती धडधडते, भीती दाटते, रक्तदाब असलेल्याला ते महागात पडू शकतं. काकांनी मलाही विचारलं. मी घेतली नाही. मी जे पाहायला आलो होतो ते पाहून झालं होतं, आणि त्यात भर घालण्यासारखं त्या पेल्यात काही नव्हतं.

संध्याकाळी शिप्रेच्या रामघाटावर बसलो असताना मला जेम्स कॅम्पबेल आठवले. आपल्या जिल्ह्यांचा इतिहास धुंडाळणारा प्रत्येक जण ज्या मुंबई गॅझेटियरकडे वळतो, त्याचे हे संपादक. १८९३ साली ब्रिटिश सरकारनं भांग, गांजा, चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यानं देशभर फिरून हजाराहून जास्त साक्षी घेतल्या. खांडव्याच्या आणि आपल्या नगर जिल्ह्यातल्या गांजाच्या लागवडीपासून साधूंच्या चिलमीपर्यंत सगळं त्या अहवालात आहे. त्याच्या परिशिष्टात कॅम्पबेल यांचं भांगेच्या धर्मावरचं टिपण आहे. भाविकाच्या दृष्टीनं भांगेच्या पानात रक्षणकर्ता वसतो, तेव्हा तिच्यावर सरसकट बंदी घालणं म्हणजे लोकांच्या श्रद्धेला हात घालणं होय, असा त्यांचा सूर. आयोगानंही बंदी नको, नियंत्रण हवं, असाच निष्कर्ष काढला. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं गांजा म्हणजे फुलोरा, चरस म्हणजे राळ असं ठरवलं आणि निव्वळ पान त्या व्याख्येबाहेर ठेवलं. म्हणून भांगेचा कारभार राज्यांच्या हाती राहिला आणि उज्जैनचं ते दुकान परवान्यावर चालतं.

नियंत्रण गाभाऱ्यातही आलं आहे, आणि तेही भाविकांच्याच काळजीतून. लिंगाची झीज होते आहे, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. पुरातत्त्व आणि भूविज्ञान खात्याच्या तज्ज्ञांनी पाहणी केली. २०१७ पासून अभिषेकाला शुद्ध केलेलं पाणी, तेही माणशी अर्धा लिटर. पाचनंतर कोरडी पूजा. भस्म आरतीच्या वेळी लिंगावर वस्त्र. १ सप्टेंबर २०२० च्या निकालात भाविकांनी लिंगाला काही चोळू नये असंही सांगितलं गेलं. यावर गावात कुरकुर ऐकू येते. देवाला पाणी मोजून घालायचं का, असं एका हारवाल्यानं मला तावातावानं विचारलं. मला मात्र हे नियम पूजेच्या स्वभावाला धरूनच वाटतात. घोटणारा गोळी मोजून देतो, पुजारी लेप बेतानं लावतो. जे आपल्या नातवंडांनाही दिसावं असं वाटतं ते जपून वापरणं ही सेवाच आहे. भांगेच्या लेपाचाही दगडावर काय परिणाम होतो हे तज्ज्ञांनी तपासत राहावं आणि ते सांगतील ते पुजाऱ्यांनी ऐकावं, असं मला मनापासून वाटतं.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. स्टेशनजवळच्या रस्त्यावर भांगेची चित्रं छापलेले टी-शर्ट टांगलेले दिसले. रीलसाठी पेले उंचावणारी पोरं दिसली, त्यांतली निम्मी मराठी बोलत होती. देवाचं नाव घेऊन प्यायलं की सगळं माफ, अशी एक समजूत पसरते आहे. देवळात ज्या पानाला वेळ आहे, हात आहेत, बेत आहे, ते इथे यातलं काहीच न घेता विकलं जातं. यात शिवभक्ती मला कुठेही दिसली नाही.

२०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे आणि महाराष्ट्रातून लाखो माणसं जातील. जाणाऱ्यांना माझी विनंती आहे: दुपारी चारच्या आत रांगेत लागा आणि संध्येचा शृंगार बसून पाहा. भांग घ्यायचीच असेल तर परवान्याच्या दुकानात, घोटणारा सांगेल तेवढीच घ्या. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, पोटात बाळ असेल, गाडी चालवायची असेल तर अजिबात घेऊ नका. आणि गोळी पुडीत बांधून घरी आणू नका, कारण महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगणं हा गुन्हा आहे.