सफारी निवडताय? वाघ सोडून बोला!

जंगलातून परत आलेल्या माणसाला ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला... 'वाघ दिसला का?' 'हो' म्हटलं, की 'फोटो दाखव'. 'नाही' म्हटलं, की 'अरेरे, पैसे फुकट गेले की रे!' रेल्वेचं भाडं, रिसॉर्टचं बिल, पहाटे चारचा अलार्म, सगळ्याचा हिशेब आपण एकाच जनावरावर लावतो. सफारीच्या सुट्टीचा बट्ट्याबोळ होतो तो इथेच. वाघाच्या नादात जंगल कोणतं, महिना कोणता, सोबत कोण, याचा विचारच राहून जातो.

तेव्हा मंडळी, यंदा जंगलाचा प्लॅन असेल, तर बुकिंगला बसण्याआधी थोडा गृहपाठ करू या.

आधी स्वतःची आवड ओळखा

वाघ बघायचाच आहे आणि हाताशी तीनच दिवस आहेत? मग ताडोबा. चंद्रपूर जिल्ह्यातलं हे राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. नाव आलंय ते तारू या गोंड देवावरून. वाघाशी झुंजताना तारू मारला गेला, अशी कथा सांगतात. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. नागपूरपर्यंत विमान, रेल्वे किंवा समृद्धी महामार्ग; पुढे गेटनुसार दोन-तीन तासांचा रस्ता. सोपं काम!

पण वाघापेक्षा जंगल बघायचं असेल, तर कान्हा. सालाची उंच झाडं, मधेच पसरलेली गवताळ मैदानं आणि त्यात चरणारा बारशिंगा. १९७० च्या मोजणीत इथे अवघे ६६ बारशिंगे उरले होते. आज त्यांचे कळप पहाटेच्या धुक्यात उभे दिसतात, तेव्हा वाघाची आठवणही होत नाही.

गाडीत बसून कंटाळा येणाऱ्यांसाठी सातपुडा. मढईला देनवा नदी ओलांडून आत शिरायचं आणि गाइडबरोबर चक्क पायी फिरायचं. गेंडा बघायचा, तर काझीरंगा. २०२२ च्या गणनेत तिथे २,६१३ गेंडे मोजले गेले. सिंहासाठी मात्र गुजरात गाठायला हवं. आशियाई सिंहाचं मोकळ्या रानातलं घर जगात तेवढंच.

आणि पुणेकरांना एकच वीकेण्ड मिळत असेल तर? भिगवण! उजनीच्या बॅकवॉटरवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. शंभरेक किलोमीटरची ड्राइव्ह, मच्छीमाराची नाव, वर गुलाबी थवा. खिशाला परवडणारी सफारी म्हणतात ती हीच.

महिना चुकला, की सुट्टी चुकली

एप्रिल-मेमध्ये झाडी विरळ होते, पाणवठे आटतात, वाघ उरलेल्या पाण्यावर येतो. दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त तेव्हाच. पण चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे गंमत नव्हे. पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि जिप्सीला टप नसतो. लहान मूल किंवा आजी-आजोबा सोबत असतील, तर हा हट्ट सोडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत वाघ कमी दिसेल, पण हवा छान आणि पक्षी भरपूर. पहाटे मात्र हुडहुडी भरते, तेव्हा स्वेटर-कानटोपी विसरू नका.

पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, ताडोबाचा कोअर बंद असतो. एरवी मंगळवारी सुट्टी. मध्य प्रदेशातल्या उद्यानांत बुधवारी दुपारची फेरी नसते. लाँग वीकेण्डला सुट्टीचा दिवस जोडून निघाल आणि नेमकं गेट बंद... असं व्हायला नको. बुकिंग वनविभागाच्या अधिकृत साइटवरूनच करा आणि फॉर्ममध्ये जे ओळखपत्र टाकलंय, तेच गेटवर न्या. एका जिप्सीत सहाच पर्यटक. सातवा मित्र रिसॉर्टवर बसेल!

कोअर की बफर?

कोअर म्हणजे जंगलाचा गाभा. बफर म्हणजे त्याभोवतीचा पट्टा, जिथे गावं आहेत, शेतं आहेत, गुरं आहेत. 'कोअर मिळालं नाही म्हणून बफर घेतलं,' असं लोक नाक मुरडून सांगतात. पण वाघाला गेटवरची पाटी वाचता येत नाही. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा या ताडोबाच्या बफरमधल्या गेटांवरूनही वाघ दिसतात. बुकिंग त्या मानाने सहज मिळतं आणि हवामान साथ देईल तसे यातले काही रस्ते पावसातही सुरू असतात.

बफर निवडण्याचं आणखी एक कारण आहे. आपण ज्या वाघाचा फोटो डेस्कटॉपवर लावतो, त्याच्या शेजारी माणसं राहतात. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. उन्हाळा हा आपला सफारीचा सीझन, तोच त्यांचा पोटासाठी रानात शिरायचा. वाघ वाढले तर त्याची किंमत या गावांनीच मोजायची आणि पैसे मात्र शहरातल्या रिसॉर्टवाल्याने न्यायचे, हा हिशेब फार दिवस चालणार नाही. म्हणून राहायची जागा ठरवताना स्विमिंग पूल आहे का, याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. इथे काम करणारी माणसं कुठली आहेत? भाजी, दूध कुठून येतं? गावातला होम-स्टे चांगला असेल, तर एक रात्र तरी तिथे काढा. भाकरी-पिठल्याची चव आणि जंगलाच्या गोष्टी, दोन्ही तिथेच भेटतात.

गॅरंटी देणाऱ्यापासून सावधान

'शंभर टक्के सायटिंग' असं कुणी म्हणालं, की समजा, गडबड आहे. ही गॅरंटी पूर्ण करायची म्हणजे काय करायचं, ते ३१ डिसेंबर २०२४ ला दिसलं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावजवळ एफ-टू वाघीण पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली आणि पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी तिची वाट अडवली. व्हिडिओ देशभर फिरला. गाइड आणि ड्रायव्हर निलंबित झाले, दंड झाला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

कारवाई गाइड-ड्रायव्हरवर झाली. पण 'भय्या, थोडं पुढे घ्या ना' असं मागून कोण म्हणत असतं? टिपेची नोट कोण दाखवतं? घरचा चुलाच सीझनवर चालणारा ड्रायव्हर गिऱ्हाइकाला नाही कसा म्हणणार? त्यामुळे निघतानाच सांगून टाका, 'वाघ नाही दिसला तरी चालेल, गर्दीत गाडी घालू नका.' हे एक वाक्य ऐकलं, की ड्रायव्हर निवांत होतो, गाइडला बोलायला सुचतं. मग अर्जुनाच्या झाडावरचे अस्वलाचे ओरखडे, वाळूतला पंजा, माकडाचा 'खक्-खक्' इशारा आणि सांबराने त्याला दिलेली साथ, असं सगळं उलगडायला लागतं. कोअरमध्ये मोबाइल वापरायला बंदी आहे, त्यामुळे कान-डोळे तसेही रिकामेच असतात.

बजेट आखताना शक्य झालं तर एकाच जंगलात तीन-चार फेऱ्या ठेवा. दोन दिवसांत तीन उद्यानं पालथी घालणाऱ्याला रस्ते तेवढे दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला जंगल ओळखीचं वाटायला लागतं, वळणं आठवतात. वाघ दिसलाच तर बोनस. नाही दिसला, तर सोमवारी ऑफिसात बिनधास्त सांगा, 'आम्हाला नाही दिसला, पण त्याने आम्हाला नक्की पाहिलं असणार!'