घरी जेवणार किती?

‘फ्रिज भरलेला असला की घर भरल्यासारखं वाटतं,’ असं आई म्हणते. तिचं बरोबरच आहे. तिच्याकडे रोज दोन्ही वेळा पानं मांडली जातात. आमचं तसं नाही. माझं ऑफिस हिंजवडीला, नवऱ्याच्या शिफ्ट्स बदलत्या. त्यामुळे शनिवारी मंडईत जाण्याआधी आम्ही कॅलेंडर उघडतो आणि मोजतो, या आठवड्यात दोघं घरी जेवणार किती रात्री? बहुतेकदा चार. मग भाज्याही चारच!

पालेभाजी रविवार-सोमवारी संपवायची, मग भेंडी-फरसबी. कोबी आणि दुधी बिचारे शुक्रवारपर्यंत थांबतात. कोथिंबीर न धुता, निवडून, कागदात गुंडाळून डब्यात. पिकलेली केळी पालेभाजीपासून लांब, कारण त्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात. पावसाळ्यात रवा भाजूनच भरायचा. बस, एवढंच!

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४चा अहवाल सांगतो, २०२२मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घराघरांतून. म्हणजे हॉटेलं आणि लग्नाच्या पंगतींना नावं ठेवून भागणार नाही.

पण या मोजणीतून भलतंच काही कळतं. मागच्या महिन्यात एकदा उत्तर आलं दोन. सात दिवसांत फक्त दोन! पिशवी हातात तशीच, आणि आम्ही भाजीऐवजी आमच्याबद्दलच बोलत बसलो. शेवटी त्याने गुरुवारची शिफ्ट बदलून घेतली. मी पाव किलो भेंडी जास्त आणली.